गाडी चार्जिंग करत नाही? अल्टरनेटर आणि त्याच्या कंट्रोल सर्किटबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परभणीत माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. जीप, पिकअप, ट्रॅक्टर, कार, जे दारात येईल ते बघतो. चार्जिंगची तक्रार घेऊन आलेल्या बऱ्याच गाड्यांना आधीच नवी बॅटरी नाहीतर नवा अल्टरनेटर बसलेला असतो आणि मूळ बिघाड जागच्या जागी असतो. शेतकऱ्याचे, भाजीवाल्याचे कष्टाचे पैसे असे गेलेले बघवत नाहीत. म्हणून दुकानात रोज विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र लिहिले आहेत. आपल्याकडे अल्टरनेटरला, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राला, सर्रास डायनामो म्हणतात आणि त्याचे व्होल्ट ताब्यात ठेवणाऱ्या रेग्युलेटरला कटआउट. मीही दोन्ही शब्द वापरतो.

इंजिन चालू झालं तरी बॅटरीचा लाल दिवा जात नाही. डायनामो गेला असं समजायचं का?

लगेच नाही. आधी तो दिवा काय सांगतो ते समजून घ्या. जुन्या धाटणीच्या गाड्यांत आणि ट्रॅक्टरमध्ये दिव्याचं एक टोक चावीच्या स्विचमधून बॅटरीच्या प्लसला असतं. दुसरं टोक एका बारीक वायरीने अल्टरनेटरच्या डी प्लस किंवा एल टर्मिनलला. चावी ऑन केली की करंट दिव्यातून, रेग्युलेटरमधून आत फिरणाऱ्या रोटरच्या वेटोळ्यात उतरतो आणि तिथून अर्थला, म्हणजे गाडीच्या बॉडीला, जातो, म्हणून दिवा पेटतो. इंजिन फिरून वीज तयार झाली की डी प्लसवरही बॅटरीइतकेच व्होल्ट येतात. दोन टाक्यांतलं पाणी एका पातळीला आलं की मधल्या नळीतून वाहायचं थांबतं, तसा दिवा विझतो.

म्हणजे दिवा चालूच राहिला तर डी प्लसची बाजू खाली आहे, एवढंच कळलं. ती का खाली आहे हे शोधायचं राहिलंच. डायनामो वीज बनवत नसेल, पट्टा सरकत असेल, किंवा ती बारीक वायर वाटेत कुठेतरी सोलून बॉडीला टेकली असेल. एक मिनिटाची परीक्षा आहे: इंजिन बंद, चावी ऑन, आणि अल्टरनेटरच्या मागचा बारीक वायरींचा कपलर काढा. दिवा विझला तर वायर शाबूत आहे, डायनामोकडे बघा. कपलर हातात असूनही दिवा पेटलेलाच असेल तर वायर शॉर्ट आहे आणि डायनामोचा काही दोष नाही.

दिव्याच्या आणखी दोन खुणा लक्षात ठेवा. गाडी चालू असताना दिवा अगदी मंद जळत असेल तर डायोडमध्ये (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग), नाहीतर चावीकडून येणाऱ्या वायरीत व्होल्ट गळत आहेत. आणि चावी काढून घेतल्यावरही दिवा मिणमिणत असेल तर प्लस बाजूचा डायोड शॉर्ट झालेला असण्याची दाट शक्यता. अशी गाडी रात्रभर तशीच उभी करू नका, बॅटरीची मायनस काढून ठेवा.

कंट्रोल सर्किट म्हणजे नेमकं काय?

अल्टरनेटरमध्ये फिरणारा रोटर म्हणजे विजेवर चालणारं चुंबक. ते फिरलं की भोवतीच्या स्टेटरच्या तारांत वीज तयार होते. मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेलं हेच तत्त्व आजही प्रत्येक बॉनेटखाली काम करतं. स्टेटरमधली वीज एसी असते, डायोडची प्लेट तिची डीसी करते.

रोटरला किती करंट द्यायचा हे ठरवणारी सगळी साखळी म्हणजे कंट्रोल सर्किट. त्यात रेग्युलेटर येतो, फिरत्या रोटरला करंट पोचवणारे कार्बन ब्रश आणि स्लिप रिंग येतात, चावीची वायर, दिवा, फ्यूज आणि व्होल्ट चाखणारी सेन्स वायर येते. नव्या गाडीत त्यात ईसीयूही, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटरही, धरायचा. रोटरला जेमतेम तीन ते पाच अँपिअर लागतात, पण त्यावर बाहेरचे सत्तर-ऐंशी अँपिअर कमीजास्त होतात. जायकवाडीच्या कालव्यावर एक माणूस चाक फिरवून दार वरखाली करतो आणि पाणी कैक गावांना जातं, तसं हे आहे. दाराचं चाक अडकलं तर धरणात पाणी असूनही शेत कोरडं राहतं. डायनामो चांगला, बॅटरी चांगली, तरीही चार्जिंग नाही, असं होतं ते यामुळेच.

जुन्या जीपमध्ये कटआउट बाहेर बॉडीवर बसवलेला असायचा. पुढे तो डायनामोच्या पाठीतच गेला. आता बऱ्याच गाड्यांत व्होल्ट किती ठेवायचे हे ईसीयू सांगतो आणि रेग्युलेटर तेवढं ऐकतो. तुमची गाडी यातली कोणती, हे आधी ठरवा. जुन्या गाडीत चालणारी एखादी परीक्षा नव्या गाडीचा ईसीयू जाळू शकते.

चावी ऑन केल्यावर दिवा पेटतच नाही. हे चांगलं की वाईट?

वाईट. या तक्रारीकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं, कारण न पेटणारा दिवा कुणाला खुपत नाही.

गंगाखेडकडून भाजी आणणारी एक पिकअप माझ्याकडे आली होती. मालक म्हणाले, "दादा, दुसरा डायनामो बसवला, बॅटरी नवी टाकली, तरी दोन दिवसाला गाडी बसायली." मी चावी फिरवली. ऑइलचा दिवा आला, हँडब्रेकचा आला, बॅटरीचा आला नाही. मीटर खोललं तर बल्बच्या जागी कुणीतरी निळा एलईडी बसवलेला, तोही उलटा. जुन्या पद्धतीच्या डायनामोला सुरुवातीचा करंट त्या दोन-तीन वॅटच्या बल्बमधूनच मिळतो. तो मिळाला नाही तर रोटर चुंबक होत नाही आणि डायनामो नुसता फिरत राहतो. कधी कधी जोरात रेस दिल्यावर रोटरमध्ये उरलेल्या थोड्याशा चुंबकत्वावर तो जागा होतो, आणि माणूस म्हणतो, "कधी चार्जिंग येतं, कधी येत नाही." त्या पिकअपला मी साधा बल्ब लावला. स्लो रनिंगवरच १४.२ व्होल्ट आले. मालक मीटरच्या आकड्याकडे बघत बराच वेळ गप्प उभे होते. दोन डायनामो आणि एक बॅटरी, एवढा खर्च त्यांचा झाला होता.

तपासायचं असं: कपलर काढा, चावी ऑन करा आणि डी प्लसची वायर टेस्ट लॅम्पमधून बॉडीला टेकवा. मीटरमधला दिवा, निदान मंद, पेटला तर वायरिंग ठीक आहे आणि दोष आत आहे: कार्बन घासलेला, स्लिप रिंग काळी पडलेली, रोटर तुटलेला किंवा रेग्युलेटर गेलेला. पेटला नाही तर बल्ब, फ्यूज, चावीचा स्विच, वायर, या क्रमाने बघा. ईसीयूवर चालणाऱ्या गाडीत ही वायर अशी अर्थला लावू नका.

जुन्या गाडीवर अजून एक सोपी खूण आहे. चावी ऑन, इंजिन बंद ठेवून स्क्रू-ड्रायव्हरचं टोक डायनामोच्या मागच्या बेअरिंगजवळ न्या. रोटरला करंट मिळत असेल तर ते टोक ओढलं जातं, हाताला स्पष्ट जाणवतं. ओढ नसेल तर फील्डला, म्हणजे रोटरच्या वेटोळ्याला, करंट नाही.

मीटरवर किती व्होल्ट आले म्हणजे बरोबर?

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, इंजिन चालू करण्याआधी बॅटरीच्या दोन टोकांवर १२.६ च्या आसपास व्होल्ट हवेत. १२.२ म्हणजे जवळपास अर्धी, १२ च्या खाली गेली म्हणजे उतरलीच. इंजिन चालू झाल्यावर साध्या रेग्युलेटरच्या गाडीत १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. मग हेडलाइट, ब्लोअर, मागची काच तापवणारी तार असेल तर तीही चालू करा आणि थोडी रेस द्या. सगळा बोजा टाकूनही १३.५ च्या वर टिकलं तर डायनामोची तक्रार नाही. ट्रक, टिपर अशा २४ व्होल्टच्या गाड्यांत चालू इंजिनवर साधारण २७.५ ते २८.५ धरा.

बॅटरी आधीच पार उतरलेली असेल तर हे आकडे फसवतात. ती भरपूर करंट ओढत राहते, व्होल्ट वर चढत नाहीत आणि चांगला डायनामो नापास होतो. आधी बॅटरी चार्जरवर पूर्ण भरून घ्या, मग निकाल द्या. घाईचं गिऱ्हाईक असलं तरी मी याला पर्याय देत नाही.

मे महिन्यात १३.५ च दाखवतं, थंडीत १४.४ होतं. कटआउट कमजोर झाला का?

नाही, तो शहाण्यासारखा वागतो आहे. तापलेल्या बॅटरीला कमी व्होल्टवर भरावं लागतं, नाहीतर पाणी उडतं आणि प्लेटा खराब होतात. म्हणून रेग्युलेटर स्वतःच्या तापमानाप्रमाणे व्होल्ट खाली आणतो. परभणी-नांदेडला उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर असतो, बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. तिथे लांबच्या प्रवासानंतर १३.५ दिसलं तर घाबरू नका. हाच आकडा डिसेंबरच्या सकाळी गार इंजिनवर दिसला तर मात्र चौकशी करा.

अल्टरनेटरवर १४.४ मिळतात, पण बॅटरीवर १३.१ च. मधले कुठे गेले?

वाटेत गेले. हा प्रश्न मला फार जवळचा आहे, कारण याचं उत्तर नुसतं बघून मिळत नाही, मोजूनच मिळतं.

इंजिन चालू ठेवा, थोडी रेस, हेडलाइट आणि ब्लोअर चालू. मीटर डीसी व्होल्टवर. एक टोक अल्टरनेटरच्या मागच्या जाड बी प्लस बोल्टवर, दुसरं बॅटरीच्या प्लस खुंटीवर. लक्ष द्या, टर्मिनलच्या क्लँपवर नको, शिशाच्या खुंटीवरच. मीटर जो आकडा दाखवेल तेवढे व्होल्ट त्या वायरीने खाल्ले. ०.३ पर्यंत ठीक. ०.५ च्या वर गेला तर त्या वाटेत कुठेतरी दोष आहेच. मग एक टोक तसंच ठेवून दुसरं टोक जोडामागून जोड पुढे सरकवत या: थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेला जोड), फ्युजेबल लिंक (फ्यूजचं काम करणारा वायरीचा तुकडा), क्लँप, खुंटी. जिथे आकडा एकदम उडी मारतो तिथे बिघाड.

तसंच मायनस बाजूला: अल्टरनेटरची बॉडी ते बॅटरीची मायनस खुंटी, ०.२ च्या आत हवं. इंजिन ते चॅसी ही अर्थची पट्टी गंजली की करंट दुसरी वाट शोधतो. कधी तो अ‍ॅक्सिलरेटरच्या किंवा क्लचच्या तारेतून जातो. तारेचं आवरण गरम लागलं किंवा वितळलं, तर अर्थची पट्टी बघितल्याशिवाय गाडी सोडू नका.

एका जीपच्या थिंबलचं सांगतो. वरून टेप गुंडाळलेली, नट घट्ट, सगळं नीट दिसत होतं. टेप सोलली तर आत तांब्याच्या तारांवर हिरवट पांढरी पूड, आणि चिमटीत धरल्यावर तारा कडब्यासारख्या मोडत होत्या. तिथे १.३ व्होल्ट गळत होते. चाळीस अँपिअर जात असताना १.३ व्होल्ट म्हणजे ५२ वॅट, जवळपास एका हेडलाइटच्या बल्बाइतकी उष्णता, एका थिंबलमध्ये. रबराचा जळका वास त्यामुळेच येत होता. वायर कापून नवं थिंबल दाबून बसवलं, झाळलं, वर उष्णतेने आवळणारी नळी चढवली. डायनामोला हात लावावा लागला नाही.

ओम मोडवर वायर पास होते, तरी बोजा टाकला की चालत नाही, असं कसं?

मीटर ओम मोजताना वायरीतून अगदी नगण्य करंट सोडतो. वीस तारांच्या वायरीत एकच तार उरली असली तरी तेवढा करंट आरामात जातो आणि मीटर शून्याच्या जवळ दाखवतो. उघड्या टोकावर बारा व्होल्टही दाखवतो. खरा करंट ओढला की ती एक तार दम तोडते. म्हणून चावीची फीड किंवा सेन्स वायर तपासताना शेवटी २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब लावून बघा. लखलखीत पेटला तर वायर चांगली. लालसर मिणमिणला तर मीटर काही म्हणो, वायर खराब. पण ईसीयूकडून येणाऱ्या सिग्नलच्या वायरीला हा बल्ब कधीही लावू नका. ती वायर एवढ्या करंटसाठी केलेलीच नसते.

नव्या गाडीत स्कॅनरने पी०६२० किंवा पी०६२२ दाखवलं. म्हणजे अल्टरनेटर बदलायचा ना?

कोड वाट दाखवतो, कुठला पार्ट बदलायचा ते सांगत नाही. पी०६२० म्हणजे जनरेटरच्या कंट्रोल सर्किटमध्ये दोष. पी०६२१ दिव्याच्या, म्हणजे एल टर्मिनलच्या सर्किटचा. पी०६२२ फील्डच्या, म्हणजे एफ टर्मिनलचा. पी०५६२ म्हणजे सिस्टिमचे व्होल्ट कमी, पी०५६३ म्हणजे जास्त. सगळ्यात ‘सर्किट’ हा शब्द महत्त्वाचा. ईसीयूच्या पिनेपासून कपलर, वायर आणि रेग्युलेटरपर्यंत कुठेही दोष असला तरी कोड तोच येतो.

या गाड्यांत रेग्युलेटरला हुकूम दोन तऱ्हांनी मिळतो. एकात चालू-बंद चालू-बंद असे ठोके येतात आणि ठोका किती वेळ चालू राहतो त्यावरून व्होल्ट ठरतात. ज्या मल्टिमीटरमध्ये ड्यूटी सायकल मोजायची सोय आहे, त्यावर तो टक्क्यांत दिसतो. दुसऱ्यात एकाच वायरीवर दोघं एकमेकांशी बोलतात, तिला लिन म्हणतात. साध्या मीटरवर लिनच्या वायरीत बॅटरीपेक्षा थोडा कमी आणि हलता आकडा दिसला तर बोलणं चालू आहे असं समजा. ठणठणीत शून्य म्हणजे वायर तुटली किंवा बॉडीला टेकली. ठोके नीट बघायचे तर ऑसिलोस्कोप लागतो. तो नसेल त्याने नुसत्या अंदाजावर ईसीयू बदलायला सांगू नये.

वायर तपासायची पद्धत: चावी बंद, बॅटरीची मायनस काढलेली, ईसीयूचा आणि अल्टरनेटरचा असे दोन्ही कपलर काढलेले. मग त्या वायरीचं एक टोक ते दुसरं टोक मोजा, एक ओमच्या आत हवं. तीच वायर बॉडीशी आणि शेजारच्या वायरींशी मोजा, कुठेही जोड दिसता कामा नये. मोजताना वायर हलवा, वाकवा. कपलरच्या पिनेत मीटरचं जाड टोक खुपसू नका. तिची पकड सैल होते आणि तुम्ही स्वतःच नवा बिघाड घडवता.

आणि या गाड्यांत व्होल्ट वरखाली होणं हा दोष नाही. ओव्हरटेक करताना १२.५ च्या आसपास आणि उतारावर पाय काढला की १४.८, असं दिसतं. इंधन वाचवण्यासाठी ईसीयू मुद्दाम तसं करतो. जुन्या नजरेने बघून चांगला डायनामो काढून टाकू नका.

नवी बॅटरी टाकली, बाहेरून लाइट जोडले, आणि तेव्हापासून चार्जिंग बिघडलं. काय झालं असेल?

बॅटरीच्या मायनसवर छोटी डबी आहे का बघा. तो करंट सेन्सर. बॅटरीतून किती गेलं, किती आलं हे तो ईसीयूला सांगतो. जादा लाइटची किंवा साउंडची काळी वायर थेट मायनस खुंटीला बांधली की तिचा करंट सेन्सरला टाळून जातो, हिशेब चुकतो आणि बॅटरी भरलेली आहे असं समजून ईसीयू चार्जिंग कमी करतो. अशी प्रत्येक अर्थ वायर चॅसीला द्या. काही गाड्यांत नवी बॅटरी बसवल्यावर स्कॅनरने तिची नोंदही करावी लागते. शिवाय कंपनीने ज्या प्रकारची बॅटरी दिली त्याच प्रकारची टाका.

चार्जिंग कधी येतं, कधी जातं. कुठून सुरुवात करू?

कपलरपासून. त्याचं कुलूप तुटलेलं असतं, आत काळ्या मातीची धूळ बसलेली असते, प्रेशरने गाडी धुताना पाणी शिरलेलं असतं. इंजिन चालू ठेवून, पट्ट्यापासून हात आणि बाही जपून, वायरींचा जुडगा लाकडी काडीने हलवा आणि मीटरकडे बघा. आकडा थरथरला की जागा सापडली.

दुसरा संशय कार्बनवर. नवे असताना लांब असलेले कार्बन पाच मिलिमीटरच्या आसपास आले की स्प्रिंगचा दाब कमी पडतो, खड्ड्यात गाडी आदळली की संपर्क सुटतो. गावाकडचे रस्ते लागले की दिवा चमकायला लागतो, गुळगुळीत रस्त्यावर बंद होतो, अशी तक्रार असेल तर मी आधी कार्बनच काढतो.

आणि उंदीर. ज्वारी-सोयाबीनची पोती ठेवलेल्या खोलीशेजारी गाडी उभी असेल तर ते हमखास बॉनेटखाली येतात, कारण तिथे ऊब असते. एका कारमध्ये सेन्सची वायर अशी कुरतडली होती की तांबं दिसत होतं पण तुटलं नव्हतं. दव पडलेल्या सकाळी दोष यायचा आणि ऊन तापलं की जायचा. माणूस रोज दुपारी गाडी घेऊन यायचा आणि गाडी ठणठणीत असायची. चौथ्या दिवशी मी स्वतः सकाळी सहाला त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो, तेव्हा सापडला.

बॅटरीतून कुजक्या अंड्यासारखा वास येतो, बल्ब सारखे उडतात. का?

व्होल्ट जास्त होत आहेत. साध्या गाडीत १५ च्या वर आकडा टिकून राहिला तर गाडी चालवणं थांबवा. रेग्युलेटर शॉर्ट होऊन रोटरला पूर्ण करंट देत असेल, किंवा सेन्स वायर तुटल्यामुळे त्याला बॅटरी रिकामी वाटत असेल, किंवा त्याचा अर्थ सुटला असेल. उकळणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. तिच्याजवळ बिडी, काडेपेटी, ठिणगी काहीही नको, आणि टर्मिनल काढायचंच तर आधी इंजिन आणि सगळे लाइट बंद.

गाडी चालू ठेवून बॅटरीची वायर काढायची, बंद पडली तर डायनामो खराब. ही परीक्षा बरोबर ना?

अजिबात करू नका. बॅटरी डायनामोचे धक्के सोसते. ती अचानक काढली की रोटरचं चुंबकत्व लगेच उतरत नाही आणि क्षणभर चाळीस, कधी त्याहून कितीतरी जास्त व्होल्टचा झटका सगळ्या वायरिंगमध्ये जातो. डायोड, रेग्युलेटर, ईसीयू, मीटर, काहीही जाऊ शकतं. चाळीस वर्षांपूर्वीच्या जीपवर हे खपून जायचं. आज मल्टिमीटर काहीशे रुपयांत मिळतो. रेग्युलेटर टाळून फील्डला थेट प्लस देण्याची जुनी युक्तीही ईसीयूच्या गाडीत बंद करा.

चालू गाडीत चार्जिंग छान, पण दोन रात्री उभी राहिली की सेल्फ घेत नाही.

मग उभ्या गाडीत गळती शोधा. चावी काढून, दारं लावून, गाडी अर्धा तास झोपू द्या. मीटर अँपिअरवर घेऊन मायनसच्या वाटेत लावा. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढून बघा, पण त्याआधी अल्टरनेटरची बी प्लस वायर सोडवा (सोडवताना बॅटरीची मायनस काढलेली हवी, नाहीतर पाना बॉडीला टेकून ठिणगी उडेल). ती सोडवल्यावर गळती थांबली तर डायोडमधून करंट मागे जातो आहे. सकाळी गार गाडीत डायनामोला हात लावून बघा, तोच कोमट लागला तर खात्री पटते.

डायोडची अजून एक परीक्षा: इंजिन चालू, लाइट चालू, मीटर एसी व्होल्टवर, बॅटरीच्या दोन टोकांवर. ०.१ च्या आत असेल तर उत्तम. ०.५ च्या वर म्हणजे एखादा डायोड गेलेला. रेडिओत इंजिनाच्या रेसबरोबर चढणारी शीळ ऐकू येत असेल तर कारण बहुधा हेच.

ट्रॅक्टरवर डेक आणि लाइट लावले आहेत. उसाच्या हंगामात बॅटरी टिकत नाही.

हिशेब करा. ५५-६० वॅटचे दोन हेडलाइट म्हणजे नऊ-दहा अँपिअर. वर चार फोकस लावले की अजून अठरा-वीस. मग अ‍ॅम्प्लिफायर. आणि कारखान्याच्या वजनकाट्यासमोर रांगेत ट्रॅक्टर तासन्‌तास स्लो रनिंगवर, तिथे अल्टरनेटर त्याच्यावर लिहिलेल्या अँपिअरच्या निम्मेही देत नाही. यात कंट्रोल सर्किटचा दोष नसतो, बोजाच जास्त असतो. रांगेत इंजिन बंद असेल तर डेकही बंद ठेवा. बीडकडची ऊसतोड करणारी मंडळी ट्रॉलीवर संसार घेऊन महिनोन्‌महिने बाहेर असतात. रात्री रस्त्यावर ट्रॅक्टरचे मागचे दिवे विझले तर त्यांच्या जिवावर बेततं. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे: आधी मागचे दिवे आणि रिफ्लेक्टर नीट करा, डेकचं नंतर बघू.

ट्रॅक्टरचा डायनामो उघडा असतो. भुसा, काडी, चिखल जाळीत बसून तो तापतो. हवेने साफ करा, पाण्याचा फवारा थेट मारू नका.

पट्टा कसा बघायचा?

चमकदार, कडक झालेला, चिरा पडलेला पट्टा बदला. पावसात किंवा हेडलाइट लावताच चीं असा आवाज येत असेल तर तो सरकतो आहे. इंजिन बंद करून पुलीला हात लावा, चटका बसण्याइतकी गरम लागली तरी तेच समजा.

कटआउट आणि कार्बन बदलून डायनामो चालवावा की नवाच घ्यावा?

बेअरिंग आवाज करत नसेल, रोटरच्या दोन स्लिप रिंगमध्ये दोन ते पाच ओमच्या दरम्यान आकडा मिळत असेल, रिंग आणि रोटरच्या लोखंडात काहीही जोड दिसत नसेल आणि स्टेटर जळका नसेल, तर दुरुस्तीच करा. स्लिप रिंगवर खाच पडली असेल तर नुसत्या पॉलिश पेपरने भागणार नाही, रिंग बदलून घ्या. रेग्युलेटर घेताना जुन्यावरचा नंबर जुळवा. तसाच दिसणारा स्वस्तातला घेतला आणि त्याचे व्होल्ट वेगळे असले तर वर्षभरात बॅटरी जाते. स्टेटर जळून काळा झाला असेल तर मी रिवाइंडिंगपेक्षा चांगल्या हमीचा दुसरा डायनामो घ्यायला सांगतो. गार असताना चालणारं आणि तापल्यावर बसणारं रिवाइंडिंग मी खूप पाहिलं आहे.

रस्त्यात लाल दिवा लागला तर गाडी किती लांब जाईल?

आधी बाजूला घेऊन बॉनेट उघडा. पट्टा तुटलेला असेल आणि तोच पट्टा पाण्याचा पंपही फिरवत असेल, तर एक किलोमीटरसुद्धा पुढे जाऊ नका, इंजिन तापून हेड जाईल. पट्टा जागेवर असेल तर इंजिन बंद करू नका, कारण पुन्हा सेल्फ मारण्यात बरीच बॅटरी जाते. एसी, ब्लोअर, साउंड, मोबाइलचा चार्जर बंद करा.

४५ अँपिअर-तासाच्या चांगल्या बॅटरीतले वीसेक वापरता येतील असं धरा. पेट्रोल किंवा कॉमन रेल डिझेल गाडीला पंप, इंजेक्टर आणि ईसीयूसाठी दहा-पंधरा अँपिअर लागतात. म्हणजे जास्तीचा खप धरला तर दिवसा साधारण सव्वा तास. रात्री हेडलाइटचे दहा धरले की पाऊण तास. मेकॅनिकल पंपाची जुनी डिझेल जीप मात्र एकदा चालू झाली की विजेशिवायही बराच वेळ चालते. बीडहून रात्री निघाला असाल आणि पुढे मांजरसुंब्याचा घाट असेल, तर घाट चढायच्या आधीच एखाद्या उजेडातल्या ढाब्यावर थांबा. घाटात मागचे दिवेही मंद होत गेले तर मागून येणाऱ्या ट्रकला तुम्ही दिसणार नाही.